बाळंतकळा सोसताना काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

दीर्घ श्वास, कंबरेची मालिश, कोमट पाणी, चालणं. या उपायांची नावं आता बहुतेक गरोदर बायकांना ठाऊक असतात. तरी बाळंतपणानंतर विचारलं तर अनेक जणी म्हणतात, “त्यातलं काही उपयोगाला आलं नाही.” खोलात गेलं की कारणं तीच ती निघतात. सराव केलेला नव्हता. पहिल्याच कळेला सगळे उपाय एकदम सुरू केले. सोबतच्या माणसाला आपलं काम काय ते माहीत नव्हतं. आणि दोन कळांमधला वेळ फोन घेण्यात नि पुढच्या कळेची धास्ती घेण्यात गेला.

यातली शेवटची चूक सगळ्यांत महागात पडते. कळा दर पाच मिनिटांनी येत असतील आणि एकेक मिनिटभर टिकत असेल, तर पाचातली चार मिनिटं दुखत नसतं. कळा अगदी जोरात असतानाही मध्ये एक-दोन मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत अंग सैल सोडता आलं तर ताकद शेवटपर्यंत पुरते. खालचे सगळे उपाय याच हिशेबाने वाचा: कळेत काय करायचं, आणि कळ उतरल्यावर काय करायचं.

या उपायांनी कळा थांबत नाहीत आणि दुखणं नाहीसंही होत नाही. ते पेलवण्याजोगं होतं, एवढंच.

आधी हे तपासा. आधीचं सिझेरियन, वार खाली असणं, रक्तदाब वाढलेला, जुळं, बाळ पायाळू, बाळाची वाढ कमी, यातलं काही असेल तर चालणं, उकिडवं बसणं, घरी थांबणं याबद्दल तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं चालेल. या लेखातलं नाही.

## १. चौतिसाव्या आठवड्यापासून: रोज दहा मिनिटं

### श्वास

नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, तोंडाने सहा आकड्यांपर्यंत बाहेर. सोडताना ओठ सैल, गरम चहावर फुंकर घालतो तसे. महत्त्व बाहेर सोडण्याला आहे. घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो आणि सोडायचं विसरतो.

या गतीने एका श्वासाला दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटभराच्या कळेत सहा श्वास. कळ हळूहळू चढते, मधोमध सगळ्यांत जोरात असते आणि मग उतरते. तेव्हा तिसरा-चौथा श्वास सगळ्यांत कठीण, पाचव्याला उतार. हा हिशेब डोक्यात पक्का बसला की कळेला शेवट आहे हे कळ चालू असतानाच कळतं.

बसल्या जागी, पंख्याखाली, निवांतपणे हा सराव सगळ्यांनाच जमतो. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर मुठीत बर्फाचा खडा धरून करा. मिनिटभर बर्फ धरायचा आणि सहा श्वास पूर्ण करायचे. विसाव्या सेकंदाला हात झोंबायला लागतो, खांदे वर जातात, जबडा आवळतो. नेमकं तेच लेबर रूममध्ये होतं. सोबत करणाऱ्या व्यक्तीने समोर बसून फक्त दोन जागा बघायच्या, खांदे आणि जबडा, आणि हलकेच हात लावून “सोड” म्हणायचं. मिनिट झालं की बर्फ ठेवून द्यायचा, दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं, मग दुसरा हात. ही दोन मिनिटं वगळू नका. अर्धा सराव त्यातच आहे.

### बसण्या-वाकण्याच्या पद्धती

चार पद्धती शिकल्या तरी पुरतात:

- खुर्चीवर उलटं बसून पाठीवर हात नि डोकं टेकवणं
- भिंतीला किंवा कुणाच्या गळ्यात हात टाकून पुढे झुकून उभं राहणं आणि कंबर हळू डोलवणं
- हात-गुडघ्यांवर ओणवं होणं, छातीखाली उशा किंवा लोड
- डाव्या कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी

जमिनीवर मांडी घालून बसायची, उकिडवं बसायची सवय मोडली असेल तर ती आता थोडी थोडी परत आणा. गुडघे दुखत असतील तर हट्ट नको.

### कंबरेवरचा दाब

ही गोष्ट सोबतच्या व्यक्तीने शिकायची आहे, आणि इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. बहुतेक जण पाठीवरून वरखाली हात फिरवतात. कळा हलक्या असताना ते बरं वाटतं. जोराच्या कळेत नकोसं होतं. तेव्हा हवा असतो एका जागी, न हलवलेला, भक्कम दाब.

जागा अशी शोधा: दोन्ही नितंबांमधली फट जिथे सुरू होते, तिच्या लगेच वर हाताला सपाट, टणक, तिकोनी हाड लागतं. मनगटाजवळचा तळव्याचा जाड भाग तिथे टेकवा. कोपर सरळ ठेवा, एक पाय मागे घ्या आणि हाताच्या ताकदीने ढकलण्याऐवजी अंगाचा भार पुढे द्या. कळ सुरू होताच दाब सुरू, कळ पूर्ण उतरेपर्यंत तसाच. मध्येच हात काढला तर दुखणं एकदम उसळल्यासारखं वाटतं.

दुसरी पद्धत: ती पुढे झुकलेली असताना दोन्ही तळवे तिच्या कुल्ल्यांच्या बाजूंच्या मांसल भागावर ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळ सगळी कंबरेत उतरते, तेव्हा हे दोन दाब फार कामाला येतात.

सावधान. दाब कंबरेच्या मणक्यांवर द्यायचा नाही. आणि पोटावर तर कधीच नाही, “बाळ लवकर येईल” असं कुणीही म्हटलं तरी.

तपासा. सदतिसाव्या आठवड्यापर्यंत सोबतच्या व्यक्तीला न सांगता ती जागा सापडते का? नसेल तर त्या जागेवर पेनने खूण करून सराव करा.

## २. सोबत कोण, आणि दवाखान्यात काय चालतं

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सोबत आई. आई घाबरट म्हणून मावशी. नवरा बाहेर बाकावर. शेवटच्या दिवशी ठरणाऱ्या या गोष्टी छत्तिसाव्या आठवड्याच्या आत ठरवून टाका. सोबत राहणारी व्यक्ती तीच हवी जिने बर्फाचा सराव पाहिलाय आणि दाबाची जागा शोधलीय. जवळचं नातं आहे म्हणून कुणालाही आत पाठवलं तर ती व्यक्ती तुमचा हात धरून स्वतःच रडायला लागते, हे अनेकदा घडतं.

सरकारी रुग्णालयांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सूचना काढून प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला परवानगी दिली आहे. ती नात्यातली बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. प्रत्यक्षात गर्दी, एकाच खोलीत तीन-चार टेबलं, इतर बायकांचा आडोसा यामुळे ही सोय सगळीकडे सारखी मिळत नाही. म्हणून आधी जाऊन विचारा. खाजगी नर्सिंग होममध्ये नवऱ्याला आत घेतात की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

नियमित तपासणीला जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

1. कळा सुरू असताना खोलीत चालू देता का, की दाखल केल्याबरोबर पलंगावर झोपवता?
2. पाणी पिऊ देता का? हलकं खाणं?
3. बाळाचे ठोके पट्टा लावून सतत बघता की ठरावीक वेळाने?
4. गरम पाण्याची बादली किंवा शॉवर वापरता येईल का?
5. एपिड्युरलची (पाठीत सुईने औषध देऊन कळा बधिर करण्याची) सोय आहे का, भूलतज्ज्ञ रात्री येतात का, खर्च किती?
6. जोर लावताना कुशीवर किंवा अर्धवट बसून राहू देता का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धोका नसलेल्या बाळंतपणात आवडीची सोबत, चालणं-फिरणं, खाणं-पिणं, दुखण्यासाठी श्वास, मालिश आणि गरम शेक, हे सगळं सुचवलेलं आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. पण हे प्रश्न कळा चालू असताना रात्रपाळीच्या सिस्टरशी वाद घालत विचारायचे नसतात. दिवसा, शांतपणे, डॉक्टरांना विचारा आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या.

## ३. पिशवीत काय हवं

बाळाच्या दुपट्यांची यादी सगळ्यांकडे असते. आईच्या आरामाच्या वस्तू राहून जातात. खोबरेल तेलाची छोटी बाटली, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि ती गुंडाळायला जाड टॉवेल, दोन सुती नॅपकिन, वाकलेल्या नळीची पाण्याची बाटली, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन, केस बांधायला दोन रबर, मोजे, पुढून उघडणारा सैल गाऊन, सोबतिणीसाठी खाऊ. कळेत असलेल्या बाईला तोंड वर करून बाटली लावणं जमत नाही, म्हणून ती नळी. बांगड्या, अंगठ्या घरीच उतरवा. सुजेमुळे अंगठी अडकते आणि सलाइन लावताना बांगड्या आड येतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळे रिपोर्ट वरच्या कप्प्यात.

## ४. पहिल्या कळा: घरी, आणि जमेल तेवढं दुर्लक्ष

पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा कित्येक तास, कधी दीडेक दिवसही रेंगाळतात. गर्भाशयाचं तोंड या काळात मऊ आणि पातळ होत असतं. याच वेळी घरात धावपळ उडते, सगळ्यांना फोन जातात, ती रात्रभर बसून कळा मोजते आणि सकाळी खऱ्या कळा लागतात तेव्हा थकलेली असते. तसं होऊ द्यायचं नसेल तर क्रम असा ठेवा:

क) खोट्या की खऱ्या ते बघा. दोन ग्लास पाणी प्या, लघवीला जाऊन या, कूस बदला किंवा थोडं चाला. खोट्या कळा बहुधा विरतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी येत राहतात, त्यांतलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो.

ख) रात्र असेल तर झोपा. झोप लागली नाही तरी दिवा मालवून कुशीवर पडून राहा. दिवस असेल तर हलकी कामं चालू ठेवा. कळ येताना बोलता येतंय, तोवर श्वासाचा उपायही काढू नका. हातची हत्यारं पुढच्या तासांसाठी ठेवायची आहेत.

ग) खा. मऊ भात-वरण, पेज, खिमट, उपमा, केळं. प्यायला ताक, लिंबू सरबत, नारळपाणी. तळलेलं नको, पुढे उलटी होते. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितलं असेल तर अर्थात ते पाळा.

घ) अंघोळ. कोमट पाण्याने, न्हाणीत स्टुलावर बसून, दुसऱ्या कुणी तांब्याने कंबरेवर धार धरायची. पाणी अंगाच्या उष्णतेइतकंच. कढत नको, चक्कर येते. आतून कडी लावायची नाही. पाणमोट फुटलेली असेल तर टबात बसू नका, दवाखान्याला फोन करा.

ङ) शेक. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेला किंवा ओटीपोटाच्या खालच्या भागाला. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. वीसेक मिनिटांनी काढा. तव्यावर फडकं तापवून थेट अंगाला लावणं, बंद खोलीत शेगडी पेटवणं हे प्रकार नकोत.

सावधान. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल, कसलाही काढा किंवा कुणाकडून “कळांचं इंजेक्शन” घरी घेऊ नका. एरंडेलाने जुलाब आणि उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं. इंजेक्शनाने कळा इतक्या घट्ट येऊ शकतात की बाळाचा प्राणवायू कमी पडतो, गर्भाशय फाटूही शकतं. ते औषध दवाखान्यात, ठोके बघत, मोजून दिलं जातं.

### कळा मोजायची रीत

इथे नेहमी गफलत होते. अंतर मोजायचं ते एक कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंत. पहिली १०:०२ ला सुरू झाली, ५० सेकंद टिकली, पुढची १०:०७ ला सुरू झाली: अंतर पाच मिनिटं. कळ संपल्यापासून मोजलं तर अंतर कमी दिसतं आणि घरचे उगाच घाई करतात. कागदावर दोनच रकाने करा, सुरू झाल्याची वेळ आणि किती सेकंद. सलग पाच-सहा कळांची नोंद करून कागद बाजूला ठेवा, तासाभराने परत. लिहायचं काम सोबतिणीचं, तुमचं नाही.

### कधी निघायचं

पहिलं बाळंतपण, सगळं ठीक आणि दवाखाना जवळ असेल तर साधारण नियम: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक सुमारे मिनिटभर, असं तासभर चाललं की निघा. दुसरेपणाला एवढी वाट बघू नका, कळा नियमित झाल्या की निघा. घाट उतरून तालुक्याला जायचं असेल, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येत असेल, तर आणखी लवकर. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. कळा चालू असताना मोटारसायकलवर मागे बसून जाऊ नका.

हे दिसलं तर कळा मोजत बसू नका, लगेच निघा:

- पाणी गेलं (हिरवट, काळपट किंवा घाण वासाचं असेल तर अधिकच घाई)
- चिकट तांबूस स्रावाच्या पलीकडे, पाळीसारखं किंवा जास्त रक्त
- बाळाची हालचाल कमी किंवा बंद
- दोन कळांच्या मध्येही पोट कडकच, दुखणं थांबतच नाही
- जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं, झटके
- ताप
- ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच कळा
- योनीतून नाळ बाहेर आल्यासारखी वाटणं. यात गुडघे-छातीवर ओणवं व्हा, कंबर वर, आणि त्याच स्थितीत रुग्णवाहिका बोलवा

## ५. लेबर रूममध्ये: एका कळेचा क्रम

दाखल झाल्यावर अर्धा-पाऊण तास तपासण्या, सह्या, सलाइन यात जातो. नव्या जागेत, झगझगीत उजेडात कळा थोड्या मंदावतात किंवा जास्त दुखल्यासारख्या वाटतात. घाबरू नका. सिस्टरला विचारून जवळचा दिवा मंद करता येतो का ते बघा.

सुई शक्यतो ज्या हाताने कमी काम करता त्या हाताला लावायला सांगा. सलाइन सतत लागणार नसेल तर सुई तशीच ठेवून नळी काढतात. मग उठता-बसता येतं. विचारायला हरकत नाही.

आता प्रत्येक कळेत हाच क्रम:

1. कळ चढतेय असं वाटताच एक मोठा सुस्कारा. तोच सोबतिणीला इशारा.
2. लगेच पुढे झुका. पलंगाची कड, उशी, तिचा खांदा, जे असेल ते. कळ शिगेला पोचल्यावर हालचाल करायला गेलात तर जमत नाही.
3. सोबतीण दाब सुरू करते आणि हळू आवाजात श्वास मोजते. “एक… दोन…” बाकी काही बोलायचं नाही. कळेत प्रश्न विचारायचे नाहीत, पाणी हवं का हेसुद्धा नाही.
4. आवाज निघत असेल तर काढा, पण खालच्या पट्टीत, तोंड उघडं ठेवून. “आ” किंवा “ॐ”, काहीही. किंचाळी वर चढली की गळा आणि खालचे स्नायू दोन्ही आवळतात.
5. कळ उतरली: एक मोठा श्वास बाहेर, आणि सगळं सैल. सोबतीण पाण्याचा घोट देते, मानेवरून ओला नॅपकिन फिरवते आणि गप्प बसते.

पाचवी पायरी सगळ्यांत जास्त चुकते. कळ उतरताच घरचे बोलायला लागतात: किती उघडलंय, डॉक्टर काय म्हणाले, सासूबाईंचा फोन आहे. हे दारात अडवणं सोबतिणीचं काम. काही बायकांना या मिनिटा-दोन मिनिटांत डुलकी लागते. लागू द्या.

अर्ध्या तासाने बसण्याची पद्धत बदला: उभं, मग खुर्ची, मग ओणवं, मग कूस. दर दोन तासांनी लघवी; भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं आणि दुखणंही वाढवतं. उताणं झोपून राहू नका. गर्भाशयाचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, चक्कर येते, बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, आणि कंबरेतली कळ तर असह्यच होते. तपासणीपुरतं उताणं, ती झाली की कुशीवर.

पलंगावरच राहायला सांगितलं तर? कळांचं औषध चालू असेल किंवा ठोक्यांचा पट्टा सतत असेल तर असं होतं, आणि औषधाच्या कळा लवकर जोर धरतात. तरी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, पलंगाचं डोकं उंच करून त्याकडे तोंड करून गुडघ्यांवर टेकणं, कुशीवर झोपून मागून दाब घेणं, हे पट्टा न काढता जमतं.

तपासा. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतायत, डोकं हलकं झालंय? श्वास फार भराभर चाललाय. सोबतिणीने तोंडासमोर येऊन स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवावा, सहा आकडे मोजत. मिनिटभरात उतार पडतो.

आणि गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय, त्या आतल्या तपासणीच्या आकड्यावर जीव टांगू नका. “अजून चारच सेंटिमीटर” ऐकून धीर सुटलेल्या बायका मी पाहिल्यात. पाच सेंटिमीटरपर्यंतचा वेळ सगळ्यांत लांबू शकतो. त्यानंतरचा वेग त्यावरून सांगता येत नाही. पहिलटकरणीला पाचपासून पूर्ण उघडेपर्यंत बारा तासांपर्यंत लागणं चौकटीतलंच आहे.

## ६. “आता माझ्याच्याने होत नाही”

गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडत आलं की कळा एकीवर एक येतात, पाय थरथरतात, उलटी होते, मधूनच थंडी वाजते, आणि शांत असलेली बाईसुद्धा चिडते, सगळ्यांना बाहेर जा म्हणते. हा टप्पा सहसा छोटा असतो. नेमक्या याच वेळी घरचे “सिझर करा” म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात.

इथे सहा श्वासांचा हिशेब मोडतो. मोडू द्या. आता एकेक श्वास: सोबतिणीने डोळ्यांत डोळे घालून “हा सोड… आता हा सोड” एवढंच म्हणायचं. मोजे घाला, पाठीवर चादर, कपाळावर ओलं फडकं. मालिश नकोशी वाटली तर हात काढून घ्या आणि नुसतं जवळ थांबा.

सावधान. खाली जोर लावावासा वाटतोय पण तोंड पूर्ण उघडलेलं नाही, असं होऊ शकतं. सिस्टरला लगेच सांगा. तपासेपर्यंत मेणबत्त्या विझवल्यासारख्या छोट्या फुंकरी मारत राहा, कुशीवर किंवा ओणवं होऊन. आजूबाजूचे “लाव जोर, लाव जोर” म्हणाले तरी तपासणीआधी जोर लावू नका. तोंडाला सूज येऊन वेळ वाढू शकतो.

### औषध मागायचं असेल तर

मागा. ठरवलं होतं विनाऔषध, म्हणून आता मागायला लाज वाटते, असं अनेक जणींचं होतं, आणि सोबतचेही “एवढं सोसलंस, थोडंच राहिलंय” म्हणून थोपवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या सूचना मालिश नि श्वास सुचवतात, त्याच सूचना बाईने मागितलं तर एपिड्युरलही सुचवतात. एक खूण ठेवा: दोन कळांच्या मध्येही अंग सैल पडत नाही, सलग कित्येक कळा घाबरण्यातच जातायत, तर उपाय पुरे पडत नाहीत. एपिड्युरल घेताना पुढे वाकून, पाठ गोल करून काही मिनिटं न हलता बसावं लागतं. श्वासाचा सराव तिथेही लागतो. त्यानंतर बधिर भागावर गरम पिशवी ठेवायची नाही. चटका बसला तरी कळत नाही.

## ७. जोर लावताना

तोंड पूर्ण उघडल्यावरही काही जणींना जोराची भावना यायला थोडा वेळ लागतो. आई-बाळ ठीक असतील तर तेवढं थांबता येतं का, ते विचारा. पहिल्या खेपेला या टप्प्याला तीन तासांपर्यंत, पुढच्या खेपांना दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

जोर कळ आल्यावरच, आणि खालच्या दिशेने, कठीण शौचाला लावतो तसा. तोंड लाल होईपर्यंत श्वास कोंडून धरला की जोर मानेत आणि डोळ्यांत जातो. नंतर डोळ्यांत रक्ताचे ठिपके दिसतात ते त्यामुळेच. एका कळेत तीन-चार छोटे जोर, मध्ये श्वास. कळ उतरली की डोकं मागे टेकून पूर्ण विश्रांती. हनुवटी छातीकडे, जबडा सैल.

पाय बांधून उताणं झोपवण्याऐवजी पाठ उंच करून अर्धवट बसणं किंवा डावी कूस मिळते का बघा. योनीच्या खालच्या भागावर कोमट ओल्या फडक्याचा शेक द्यायला सिस्टरला सांगता येतं. त्याने ताण सुसह्य होतो आणि मोठी फाटण्याची शक्यता कमी होते. बाळाचं डोकं दिसू लागलं की जळजळ होते, ताणून फाटतंय असं वाटतं. तिथे जोर थांबवून परत फुंकरी. डोकं हळू बाहेर यायला हवं, आणि याच क्षणी सिस्टर “थांब” म्हणते. तेवढं ऐकू यावं म्हणून खोलीत एकच आवाज असावा. सोबतिणीने गप्प राहायचं.

कुणी वरून पोट दाबायला लागलं तर “का दाबताय?” असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बाळाला बाहेर ढकलण्यासाठी असं दाबणं जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळतंय का हे बघण्यासाठी पोट चोळतात, ते वेगळं. दुखलं तरी ते गरजेचं असतं.

## ८. बाळ झाल्यावरचं दुखणं

याची तयारी कुणीच करत नाही. वार पडताना कळ येते, टाके घालताना टोचतं. बाळ ठीक असेल तर त्याला उघड्या छातीवर ठेवायला सांगा, वर कोरडं दुपटं; लक्ष आपोआप तिकडे जातं. टाक्यांची जागा बधिर केल्यावरही दुखत असेल तर दात खाऊन सोसू नका, “अजून दुखतंय” म्हणा, आणखी बधिर करता येते. सहा श्वास इथे परत कामाला येतात.

टाक्यांवर पहिल्या दिवशी बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं. गरम शेक पहिल्या दिवशी नको, सूज वाढते. बसताना एका कुल्ल्यावर भार देऊन बसण्यापेक्षा दोन्ही कुल्ले आवळून सरळ बसा, टाके ताणत नाहीत. लघवी करताना जळजळ होत असेल तर त्याच वेळी कोमट पाणी ओतत राहा.

दूध पाजताना पोटात पुन्हा कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्तच. गर्भाशय आवळत असतं. पाजायच्या आधी लघवीला जाऊन या, पोटाखाली उशी घेऊन कुशीवर पडून पाजा, कळ आली की श्वास सावकाश सोडा. तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. त्या काळात ते चालतं. पॅड तासाभरात पूर्ण भिजतंय, लिंबाएवढ्या गुठळ्या पडतायत किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर उठून चालत जाऊ नका. पडल्या जागेवरून सिस्टरला हाक मारा. घरी आला असाल तर १०८ ला फोन करा.